चार बोटं उघडलेलं दार

सोलापूरहून परत येऊन तीन आठवडे झाले. निघताना सोबत दिलेली शेंगाचटणी अजून अर्धी बरणी शिल्लक आहे, आणि ती ताटात घेताना मला लाज वाटते. का, ते पुढे येईलच.

मी भट्टीवाला माणूस. ठाण्याच्या बाजूला एका कारखान्यात तेहेतीस वर्षं मी कमोड, बेसिनं आणि संडासाची भांडी भाजली. कामगार मला भट्टीसाहेब म्हणायचे. माझ्या सहीशिवाय भट्टीचं दार उघडत नसे, आणि या गोष्टीचा मला निवृत्तीनंतरही फार अभिमान होता. आता नाशिकला असतो. शेजारचे लोक काश्मीरला जाऊन येतात आणि फोटो दाखवतात. मी सोलापूरजवळच्या होटगीला निघालो तेव्हा बायको म्हणाली, "जन्मभर कमोड बघून पोट भरलं नाही का?"

होटगीला माझा जुना सहकारी मल्लिनाथ राहतो. कारखान्यात तो साच्यांवर होता. दुधासारखी पातळ कालवलेली माती प्लॅस्टरच्या साच्यात ओतायची, साच्याने पाणी पिऊन घेतलं की नेमक्या वेळी उरलेली माती काढून घ्यायची आणि भांडं अलगद सोडवायचं, हे त्याचं काम. घड्याळ न बघता त्याला ती वेळ कळायची. कारखाना बंद पडला त्या आठवड्यात तो कँटीनमध्ये एक वही घेऊन माझ्यासमोर बसला. वहीत विजेच्या भट्टीचं चित्र होतं आणि वर सूर्य काढला होता. "साहेब, आमच्याकडं ऊन लई हाय. साचं मी बगतो, भट्टी तुमी बगा. दोघं मिळून करू की," तो म्हणाला.

मी मोठ्याने म्हणालो, "अरे, उन्हात पापड वाळतात. कमोड भाजत नाहीत."

कँटीन हसलं. मल्लिनाथही हसला आणि त्याने वही मिटली. दरवर्षी संक्रांतीला त्याचा फोन येत राहिला, "या की साहेब बगायला," आणि मी कधी गुडघे, कधी लग्नकार्य असं काहीतरी सांगत राहिलो. खरं कारण एकच होतं. ते पापडाचं वाक्य घेऊन त्याच्या दारात उभं राहायचं मला जिवावर आलं होतं. यंदा तो म्हणाला, "या खेपेला पोरगी सोताच्या साच्यातला माल पयल्यांदा भाजनार हाय. तुमी पायजेतच." मग गेलो.

शुक्रवार

सोलापूर स्टेशनवर मल्लिनाथ टेम्पो घेऊन आला होता. वाळला होता, पण कपाळावरचे विभूतीचे पट्टे पूर्वीसारखेच ठसठशीत. "बर्री साहेब, बर्री! या, या!" म्हणत त्याने माझी पिशवी ओढून घेतली. वाटेत फोनवर तो घरच्यांशी भराभर कानडीत बोलत होता. इतकी वर्षं एका छपराखाली काढली, पण हा माणूस घरी कानडी बोलतो हे मला ठाऊक नव्हतं. कधी विचारलंच नव्हतं.

शहर मागे पडलं की रस्त्याच्या दोन्ही बाजूंना ज्वारी, मधूनच माळ, आणि सगळ्यावर पांढरं ऊन. नाशिकला जानेवारीत आम्ही ऊन शोधत फिरतो. इथे सकाळी दहालाच माणसं सावली धरून बसलेली दिसली.

भट्टी म्हटलं की माझी नजर आधी धुराडं शोधते. मल्लिनाथच्या शेडवर धुराडंच नाही. पत्र्यावर आणि मागच्या खडकाळ माळावर सौर पट्ट्यांच्या रांगा, आत एका खोलीएवढी विटांची भट्टी, आणि कारखान्यात कान बधिर करणारी ती गॅसची घरघर कुठेच नाही. आवारातल्या चिमण्या ऐकू येत होत्या. भट्टीच्या माथ्यावर मात्र एक धोतर पसरलं होतं आणि त्यावर पापड वाळत होते. आधीच्या मालाची ऊब विटांत अजून होती, ती वाया कशाला घालवायची, असा त्या घरचा हिशेब.

"ह्येच का ते पापडवाले साहेब?" मल्लिनाथच्या बायकोने विचारलं. तिला घरात सगळे अव्वा म्हणतात. मी मान खाली घातली. मल्लिनाथ हसत म्हणाला, "आमच्यात पापड बी वाळतात आन् कमोड बी भाजतात, साहेब." त्याच्या बोलण्यात जराही विखार नव्हता. असता तर बरं झालं असतं.

त्याची मुलगी महानंदा तिशीची. आयटीआय झालेली, हातावर वाळलेल्या मातीचे पांढरे ठिपके. तिने मला सगळं फिरून दाखवलं. भांड्यांवर चकचकीत लेप फवारायच्या खोलीतलं पाणी तीन हौदांत निवळून परत वापरात येतं. संध्याकाळी त्याच पाण्याने ती पट्ट्यांवरची धूळ धुते. कच्ची भांडी मोडली तर ती पुन्हा पाण्यात कालवतात, भाजलेली फुटली तर दळून त्यांचा भुगा नव्या मातीत मिसळतात. मी उगाच खोट काढायची म्हणून विचारलं, "आणि माती? ती तर इथली नसणार." ती लगेच म्हणाली, "ती लांबनं ट्रकानं येते, काका. तेवढं अजून जमलं न्हाई." ठाण्याला आम्ही पाहुण्यांना कारखाना दाखवायचो तेव्हा असलं काही कबूल करायची पद्धत नव्हती.

मग तिने तिचा माल दाखवला. उकिडवं बसायची संडासाची अठरा भांडी, पण नेहमीच्यापेक्षा लहान. पाय ठेवायची जागा जवळ, भोक अरुंद. एका बालवाडीत ती भांडी बसवायला गेली होती, तेव्हा मुलं आत जायला घाबरून भिंतीमागे बसताना तिने पाहिली होती. "मोठ्या मानसाच्या भांड्यावर लेकरांचे पाय पोचत न्हाईत, काका. पडंल म्हणून भितात," ती म्हणाली. सहा महिने खपून तिने हा साचा केला होता. सोमवारी अकरा वाजता एका शिक्षणसंस्थेच्या बाई माल बघायला येणार होत्या. पसंत पडला तर त्यांच्या सगळ्या बालवाड्यांत हीच भांडी बसणार होती. नाहीतर बाई बाजारातून तयार माल घेणार, कारण त्यांना शाळा थांबवता येत नव्हती.

तेहेतीस वर्षांत माझ्या हाताखालून किती भांडी गेली असतील, देव जाणे. त्यावर एखादं लेकरूही बसत असेल हा विचार माझ्या डोक्याला कधी शिवला नव्हता.

दुपारी तिने भट्टीला हलकी ऊब दिली. मालातला ओलावा हळूहळू जावा म्हणून ती रात्रभर तशीच धरून ठेवायची होती. तेव्हाच तिने दाराशेजारच्या मीटरकडे बोट दाखवून सांगितलं, "हा मीटर दाराजवळची हवा सांगतो. मालाच्या पोटात काय हाय ते याला कळत न्हाई." मी मान डोलावली. भट्टीसाहेबाला भट्टी शिकवतेय, या विचारात मी ते ऐकलंच नाही.

शनिवार

सकाळी महानंदाने अंघोळ करून भट्टीच्या दारावर तीन बोटांनी विभूती ओढली, हात जोडले आणि बटण दाबलं. कारखान्यात आम्ही वर्षातून एकदा, दसऱ्याला, नारळ फोडायचो. इथे बटण दाबायचं असलं तरी पूजा दर वेळी होते.

तो दिवस मी विसरणार नाही. सूर्य जसा चढत गेला तशी भट्टी चढत गेली. उन्हाचा जोर असेल तेव्हा जास्तीची वीज बाहेर वीज कंपनीच्या तारेवर जायची, ढगाचा एखादा तुकडा आला की तेवढ्यापुरती परत घ्यायची. महानंदा फोनवर बघून तापाचा चढ कमीजास्त करत होती. मी झरोक्याच्या काचेतून आत पाहिलं. आत तोच रंग, आधी लाल, मग केशरी, मग डोळ्यांना न सोसणारा पिवळा. बाराशे अंशांचा रंग मला कुठेही ओळखू येतो. धूर नाही, वास नाही, आणि तरी तोच रंग. मी आयुष्यभर जे गॅसने केलं ते इथे माळावरचं ऊन मुकाट्याने करत होतं.

"काय साहेब?" मल्लिनाथने विचारलं.

"चुकलं माझं," असं म्हणायची ती वेळ होती. मी म्हणालो, "रंग बरा आलाय."

दुपारी अव्वाने कडक भाकरी, दही आणि शेंगाचटणी वाढली. आमच्याकडे दाण्याची चटणी म्हणजे कोरडी पूड. इथे ती उखळात कुटून कुटून तेल सुटेपर्यंत दमवतात. मी तीनदा मागून घेतली. पाच वाजता ऊन उतरलं आणि महानंदाने भट्टी बंद केली. "आता दोन रात्री हिला कुणी हात लावायचा न्हाई," ती म्हणाली.

त्यांची दार उघडायची पद्धत मला तेव्हा कळली. दारावर तळवा ठेवायचा आणि कानडीत दहापर्यंत मोजायचं. हात न काढता दहा झाले तरच दार उघडायचं, नाहीतर परत उद्या. मीटर काहीही म्हणो. मला मनातून हसू आलं.

रविवार

हा दिवस मला लिहायला नको वाटतो.

महानंदा सकाळीच भांडी बांधायला खोकी आणि पेंढा आणायला सोलापुरात गेली. जाताना मला म्हणाली, "काका, मी येईस्तोवर दाराला हात नको." जेवण झालं. मल्लिनाथ शेडच्या दाराबाहेर खाटेवर आडवा झाला, अव्वा शेजारी गेली. मी एकटाच शेडमध्ये खुर्ची टाकून बसलो. समोर भट्टी, आणि करायला काही नाही.

दुपारी दोनच्या सुमारास मी मीटर पाहिला. पाचशेच्या खाली आला होता. आमच्या कारखान्यात आकडा इथे आला की मी दार चार बोटं उघडायला सांगायचो. पावणेसहाशेच्या आसपास माल नाजूक असतो. ते ओलांडलं की जरा वारा खाऊ द्यायचा, म्हणजे लवकर निवतो. चार बोटं दार हा माझा शब्द होता, मी रजेवर असलो तरी तो तिथे चालायचा. आता माझ्या मनात आलं, पोरीला उगाच भीती आहे. चार बोटं उघडलं तर आज रात्रीच माल निघेल, उद्या बाई यायच्या आत निवांत बांधून होईल, आणि सगळे म्हणतील, साहेब होते म्हणून झालं.

एवढंच होतं माझ्या मनात. साहेब होते म्हणून झालं.

मी खिट्ट्या सोडल्या आणि दार चार बोटं ओढलं. आतून ऊब आली, बाहेरचा कोरडा वारा आत गेला. लेपाचा रंग दिसला, फार सुंदर, दुधावरच्या सायीसारखा. मी जरा वेळ बघत उभा राहिलो.

मग आत टिंग असं वाजलं. बारीक, स्वच्छ, काचेचा पेला चमच्याने वाजवावा तसं. भट्टीवाल्याला हा आवाज सांगावा लागत नाही. मी दार लोटलं. लोटता लोटता आणखी एक टिंग, आणि खिट्ट्या लावेपर्यंत तिसरा. दाराजवळची हवा निवली होती, पण त्या जाड विटांनी आतल्या मालाच्या पोटातली धग धरून ठेवली होती. महानंदाने शुक्रवारी हेच सांगितलं होतं.

मी खुर्चीवर येऊन बसलो. मल्लिनाथ तसाच झोपला होता. त्याला हलवून उठवायला पाच पावलंसुद्धा चालावी लागली नसती. मी स्वतःला सांगितलं, तीनच आवाज झाले, तीन भांडी गेली असतील, पंधरा राहतील, कशाला सगळ्यांचा जीव टांगणीला लावायचा. संध्याकाळी महानंदा खोकी घेऊन आली आणि तिने लांबूनच विचारलं, "काका, कंटाळला न्हाई ना?" मी म्हणालो, "छे, छान झोप झाली."

सोमवार

अव्वाने पहाटेच हुग्गी शिजत घातली होती. अख्ख्या गव्हाची गूळ घातलेली दाट खीर. नव्या साच्यातला माल निघतो त्या दिवशी करायचीच, असं त्या घरचं आहे. शेडपर्यंत गुळाचा वास येत होता.

महानंदाने दारावर तळवा ठेवला. "ओंदु, एरडु, मूरु," ती हळू मोजत होती, शेजारी मल्लिनाथ ओठ हलवत होता. हत्तु, म्हणजे दहा झाले. तिने दार उघडलं.

अठरांपैकी चौदा गेली होती. काहींना केसाएवढी चीर, काही गळ्यापाशी आरपार. मला तीनच आवाज ऐकू आले होते. बाकीची दार बंद झाल्यावर फुटली असणार. चार भांडी धड होती, आणि ती इतकी देखणी होती की पाहवत नव्हतं.

महानंदाने आत वाकून पहिलं भांडं बाहेर काढलं. मग म्हणाली, "माजंच चुकलं, अप्पा. शनिवारी चढ जास्त दिला वाटतं. न्हाईतर साच्याचा गळाच जाड धरला मी." ती एकेक भांडं उचलून बोटाने चीर चाचपत होती आणि स्वतःच्या साच्यात खोट शोधत होती. सहा महिन्यांचं काम ती माझ्यासमोर मोडीत काढत होती, आणि मी तिथेच दोन हातांवर उभा होतो. तोंड उघडलं नाही. या एका गोष्टीची क्षमा मला स्वतःला करता येत नाही. दार उघडणं ही हाताची सवय होती. गप्प बसणं मी ठरवून केलं.

अकराला बाई आल्या. भल्या होत्या. चार भांडी त्यांनी उचलून पाहिली, कौतुक केलं, मग त्या फुटक्या ढिगाकडे पाहिलं. "ताई, वस्तू चांगली आहे, पण भरवसा कसा धरू? आणि आमचं काम आता थांबणार नाही," त्या म्हणाल्या. हुग्गी खाऊन त्या गेल्या. हुग्गी आम्हीही खाल्ली. टाकून थोडीच द्यायची होती.

दुपारी मी पिशवी भरत होतो तेव्हा महानंदा बाहेर ओट्यावर बसून फोनमध्ये काहीतरी निरखून बघत होती. तिने मल्लिनाथला हाक मारली. दोघं डोकं जवळ घेऊन थोडा वेळ कानडीत बोलले. मला वाटलं, बाईंचा निरोप असेल. त्यानंतर ती फारशी बोलली नाही. पण चटणीची बरणी तिनेच कागदात गुंडाळून माझ्या पिशवीत नीट ठेवली, सोबत चार कडक भाकऱ्या.

मल्लिनाथ सोडायला आला. फलाटावर गाडी यायला वेळ होता, त्याने चहा आणला. "साहेब, काय सांगायचं ऱ्हायलं का?" त्याने विचारलं. मी म्हणालो, "नाही रे. तब्येतीला जप." गाडी हलेपर्यंत तो खिडकीच्या गजाला धरून उभा होता.

नाशिक

आठ दिवस मी कसेबसे काढले. जेवताना चमचा पेल्याला लागला तरी दचकायचो. नवव्या दिवशी फोन केला आणि एका दमात सगळं सांगितलं. दार, चार बोटं, टिंग, सगळं.

पलीकडे मल्लिनाथने सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाला, "ठाव हाय, साहेब. भट्टीचा आलेख फोनात येतो की. सोमवारीच बगितला पोरीनं. रविवारी दुपारी खड्डा हाय त्यात."

गॅसच्या भट्टीचा मी माणूस. ही भट्टी आपली दर मिनिटाची नोंद ठेवते, हे मला सुचलंही नव्हतं.

"मग बोलला का नाहीस?" मी विचारलं.

"तुमी बोलाल म्हनलं. ठेसनापत्तोर वाट बगितली."

त्यानेच सांगितलं की संस्थेने बाजारातली भांडी घेतली. फुटलेली चौदा त्यांनी दळायला घातली आहेत, भुगा पुढच्या मातीत जाईल. साच्यात काही खोट नव्हती, हे आता महानंदाला कळलं आहे, तेवढं बरं झालं. मी म्हणालो, तिला फोन दे. तो म्हणाला, "भट्टीपाशी हाय ती." ती तिथेच होती की नव्हती, मला माहीत नाही.

म्हणून हे लिहिलं. प्रवास करून आलेला माणूस तिथलं ऊन, तिथली भाकरी, तिथली माणसं लिहितो. ते सगळं खरं आहे आणि जमेल त्याने होटगीला जाऊन ती भट्टी बघावी. पण माझं नाव त्या शेडमध्ये आता कशासाठी घेतलं जाईल, तेही लिहायला हवं होतं. छापायला देण्याआधी मी हे सगळं महानंदाला पाठवलं, एखादी गोष्ट चुकली असेल तर सांग म्हणून.

दोन दिवसांनी तिचं उत्तर आलं.

"दोन न्हाई काका, एक वाजून बावन्न मिनिटं. बाकी बरोबर हाय."